अकरा वाजले की लाईट बंद

नागपुरात आता गल्लीगणिक अभ्यासिका झाल्या आहेत. नंदनवनला जा, मानेवाड्याला जा, सक्करदऱ्याला जा, कुठल्याही चौकात उभं राहून वर बघितलं की दुसऱ्या मजल्यावर बोर्ड दिसतोच. एसी, वाय-फाय, लॉकर, आरओचं पाणी, २४ तास सुरू. आत प्लायवूडचे पार्टिशन टाकून केलेले खोपे, प्रत्येक खोप्यात एक पोट्टा मान खाली घालून बसलेला, कुणी काटोलचा, कुणी उमरेडचा, कुणी पार अहेरीवरून आलेला, समोर महाराष्ट्राचा नकाशा आणि नकाशाच्या बाजूला कुण्यातरी अधिकाऱ्याचा फोटो. मीपण अशाच एका खोप्यात काही वर्षं काढली आहेत, त्यामुळे त्यांना नावं ठेवायचा माझा विचार नाही. घरी एका खोलीत पाच माणसं आणि एक टीव्ही असला की पोरगं जाणार कुठे, शांत जागा आजकाल विकत घ्यावी लागते.

पण मी ज्या अभ्यासिकेबद्दल सांगून राहिलो ती जरा वेगळी आहे. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीतलं बुद्धविहार, त्याचा हॉल. संध्याकाळी वंदना झाली की सतरंज्या गुंडाळल्या जातात, भिंतीला टेकवून ठेवलेली फोल्डिंगची टेबलं उघडतात आणि साडेसातपासून अभ्यास सुरू. फी नाही. एसीपण नाही, एक जुना लोखंडी कूलर आहे, तो एवढा आवाज करतो की बाकीचे सगळे आवाज त्यात बुडून जातात, म्हणजे ती एक सोयच झाली म्हणायची. अशा विहारातल्या अभ्यासिका नागपुरात बऱ्याच आहेत आणि त्याचं कारण शोधायला लांब जायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी याच शहरात दीक्षा दिली, आणि ज्या माणसाने न्यूयॉर्क-लंडनमध्ये पोटाला चिमटा काढून लायब्रऱ्यांत दिवस घालवले त्याला मानणाऱ्या वस्तीत विहार बांधलं की पुस्तकाचं कपाट येणारच. दसऱ्याच्या दिवसात दीक्षाभूमीवर येऊन बघा एकदा. लाखोंनी माणसं येतात, शहरातले लोक रस्त्याच्या कडेला पातेली मांडून जेवण वाढत असतात, आणि ज्यांच्या पायात धड चप्पल नाही ती माणसं परत जाताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात.

आमच्या हॉलची किल्ली एका काकांकडे असते. एम्प्रेस मिलमध्ये होते ते, विणाई खात्यात. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ती मिल, आता त्या जागेवर मॉल आहे आणि काका तिकडून जाताना मॉलकडे मान वळवूनपण बघत नाहीत. त्यांचा एकच नियम. अकरा वाजले की लाईट बंद. परीक्षा उद्या असली तरी बंद. पोट्टे कुरकुर करतात, म्हणतात काका ते बाजूचे रात्रभर चालू असतात, तुमचंच काय? काका शांतपणे बटणं खाली करत जातात आणि म्हणतात, "जाय, झोप. झोपला नाही त दिवसभर भरलेलं ठेवशीन कुठं?"

काकांनी मेंदूवर काही वाचलंय असं नाही, पण बोलतात ते बरोबर आहे. दिवसभरात वाचलेलं पक्कं व्हायचं बरंचसं काम झोपेतच होतं, हे आता शास्त्रज्ञपण सांगतात. मोठ्या माणसाला रात्री सात तास तरी लागतात आणि दहावी-बारावीच्या पोरांना आठ ते दहा. तरी आमच्याकडे 'नाईट मारली' हे अजून कौतुकाने सांगितलं जातं. रील्सवर कुणीतरी सांगत असतो की मी १६ तास अभ्यास करायचो, खाली हजार लोक हात जोडतात, आणि मग रात्री दहाला टपरीवर जाऊन कडक चहा. आता चहा-कॉफीतलं कॅफिन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे दहाला घेतलेल्या कपातलं अर्धं रात्री तीनलाही अंगात फिरत असते. मग झोप येत नाही, मग परत सकाळी डोळे उघडायला चहा, मग तर्री पोहे, मग अॅसिडिटी, आणि हे सगळं करून वाचलेलं डोक्यात राहत नाही म्हणून टेन्शन.

सगळे विचारतात किती तास बसतो. कुणासोबत बसतो हे कुणी विचारत नाही, आणि मला तर आता वाटायला लागलंय की खरा प्रश्न तो आहे.

एक किस्सा सांगतो. काटोलकडचा एक पोरगा तलाठी भरतीची तयारी करायला येतो, गणितात एकदम फास्ट, प्रश्न वाचायच्या आत उत्तर. एकदा नववीतली एक पोट्टी त्याच्या टेबलाजवळ वही घेऊन उभी राहिली. प्रश्न असा होता की एका वस्तूची किंमत २० टक्के वाढवली आणि मग २० टक्के कमी केली तर फरक किती. त्याने लगेच सांगितलं, ४ टक्के तोटा, सूत्र आहे, पाठ कर. ती म्हणाली, "पण दादा, वीस चढलं आणि वीस उतरलं, त जागच्या जागी यायले पाहिजे ना?" तो म्हणाला नाही येत. ती म्हणाली का नाही येत. तो पुन्हा सूत्र सांगायला लागला आणि मधेच थांबला. मी समोरच्या टेबलावर होतो, बघत होतो, मुद्दाम काही बोललो नाही. त्याने तिच्या वहीच्या मागच्या पानावर १०० लिहिलं. त्याच्या खाली १२०. मग पेन तसाच हवेत. मग म्हणाला, "हे बघ, चढताना शंभरचे वीस टक्के होते, म्हणजे २०. उतरताना कायचे वीस टक्के काढतो आपण?" ती म्हणाली, "शंभरचे." मग स्वतःच म्हणाली, "नाही नाही. १२० चे." त्याने २४ लिहिलं, वजा केलं, ९६. ती पोट्टी "हाव!" करून निघून गेली, तिचं काम झालं. तो मात्र त्या पानाकडे बघत बसला. नंतर मला म्हणाला, दादा, मी हा प्रश्न शंभर वेळा सोडवला असेन, पण मला आज समजला.

जर्मनीतल्या हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये विसरण्यावर पुस्तक लिहिलं होतं. हा गडी स्वतःच काहीही अर्थ नसलेले शब्द पाठ करायचा आणि किती वेळाने किती विसरलो ते मोजत बसायचा. त्यात दिसलं की विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात जोरात होतं, मग हळूहळू कमी होत जातं, आणि मधे मधे दिवस सोडून उजळणी केली तर एका दमात रट्टा मारण्यापेक्षा कमी मेहनतीत काम होतं. मग अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये एक प्रयोग छापला. कॉलेजच्या पोरांना एक उतारा दिला, काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक बंद करून जेवढं आठवतं तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. पण आठवड्याने घेतली तर उलट, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. आता परीक्षा काय पाच मिनिटांनी असते का? पण वाचताना वाटतं की येऊन राहिलं, ते वाटणंच फसवं. हायलायटरने पिवळं केलेलं पान ओळखीचं वाटतं म्हणजे ते येते असं नाही. आणि पुस्तक बंद करून आठवायचा सगळ्यात स्वस्त उपाय कोणता, तर समोर कुणीतरी बसवा आणि त्याला सांगा. नववीतली पोट्टी असेल तर अजून चांगलं कारण ती "का" विचारते, आपल्या बरोबरीचा असला तर तो मान डोलावतो कारण त्यालापण आपल्याला येते असं दाखवायचं असते.

म्हणून मला ते 'आधी स्वतःचं करिअर कर, मग समाजाचं बघ' हे पटत नाही. काटोलच्या त्या पोराने त्या दिवशी कुणावर उपकार केले सांगा.

आता जरा दुसरीकडे वळतो, पण सोडून जाऊ नका, ते त्यातलंच आहे. आमच्या हॉलमध्ये एक मुलगी येते, बारावी सायन्स झालेली, नर्सिंगची तयारी करते. तिला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आई आणि बाबा दोघांकडूनही या आजाराचा जीन आलेला. विदर्भाबाहेरच्या वाचकांना कदाचित सांगावं लागेल, इकडे हा शब्द घरोघरी माहीत आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये एका ठिकाणी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, एवढंच. पण त्याच्यामुळे लाल पेशी ऑक्सिजन कमी झाला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग जे दुखतं ते ती म्हणते सांगता येत नाही. साधी लाल पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत मोडते, म्हणून अंगात रक्त कायम कमी. पाणी कमी पडलं, ताप आला, थंडी लागली, अंगाबाहेर काम झालं की त्रास सुरू. आता नागपूरचा मे महिना डोळ्यासमोर आणा. नवतपा चालू आहे, पारा ४५ च्या वर, दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही. आपल्याला पाण्याची बाटली म्हणजे सोय, तिला ते औषध आहे.

तिची जागा माठाजवळची. कुणी ठरवून दिली नाही, झाली तशी. पण मला त्या मुलीबद्दल बिचारी-बिचारी करून लिहायचं नाही, तिलाच आवडणार नाही ते. अनुवंशिकता हा धडा आमच्या हॉलमध्ये तिच्याइतका कुणालाच येत नाही, आणि ती शिकवते तेव्हा एमपीएससीवालेपण खुर्च्या ओढून येतात. एकदा तिने टेबलावरच खडूने चौकट काढली, चार घरं, वर ए आणि एस, बाजूला ए आणि एस, ए म्हणजे साधा जीन, एस म्हणजे सिकलसेलचा. आई वाहक, बाबा वाहक, म्हणजे दोघांकडे एक-एक एस. एका घरात एए, दोन घरांत एएस, एका घरात एसएस. "म्हणजे २५ टक्के शक्यता." पोलीस भरतीवाला एक जण म्हणाला, "चारातून एकाले. मग पहिल्यालेच झाला त बाकीचे तीन सुटले म्हणा की." ती हसली. म्हणाली, "असं असतं तर माझ्या भावाला नसता झाला ना. प्रत्येक वेळी पुन्हा नव्याने २५." हॉलमध्ये एक क्षण कुणी बोललं नाही, मग त्या पोराने वहीत लिहून घेतलं. संभाव्यता हा चॅप्टर मी अनेक क्लासमध्ये शिकवताना ऐकलाय, फासे, नाणी, पत्ते, सगळं. असा नाही ऐकला.

तिच्या आईबाबांना लग्नाच्या वेळी माहीतच नव्हतं की दोघंही वाहक आहेत. वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो, त्यामुळे कळायचं कसं. त्यानंतरच्या आठवड्यात पोट्टे स्वतःहून गेले तपासायला, सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते, आधी सोल्युबिलिटी नावाची साधी रक्तचाचणी, ती पॉझिटिव्ह आली की मग पक्कं करायला इलेक्ट्रोफोरेसिस नावाची दुसरी. काही जण वाहक निघाले. काका म्हणाले, "कुंडली कायले पाहता, रक्त पाहा." केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलंय, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठेवलंय, चांगली गोष्ट आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यातपण हा आजार आहे, पण बऱ्याच घरात प्रमाणपत्र काढायचं असतं हेच माहीत नसते. ही माहिती आमच्या हॉलमध्ये आली ती कुठल्या शिबिरातून नाही, स्पर्धा परीक्षेचे चालू घडामोडीवाले पोट्टे वाचत होते त्यातून आली. एकाने वाचता वाचता मान वर केली आणि म्हणाला, अरे हे तर आपल्या ताईचं आहे.

ती कधी मेडिकलला अॅडमिट झाली की (नागपुरात मेडिकल म्हणजे मेडिकल कॉलेजचा दवाखाना, दुसरं काही नाही) तिच्या वाटचे नोट्स कुणीतरी काढतं. रक्त लागलं तर १८ वर्षांवरचे, ४५ किलोवरचे, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर असलेले कोण कोण याची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे, पुरुषांना दोन रक्तदानात ९० दिवसांचं अंतर आणि बायांना १२० दिवसांचं, म्हणून तारखापण लिहिलेल्या. उन्हाळ्यात ही यादी जास्त कामी येते कारण कॉलेजला सुट्या असतात आणि शिबिरं कमी होतात. आणि गंमत म्हणजे या यादीतल्या दोघा-तिघांचं नाव हिमोग्लोबिन कमी म्हणून कापलेलं होतं, चांगली धडधाकट पोरं, पण मेसचा डबा अर्धा टाकून रात्री वडापाव खाणारी. काही मुलींचंपण तसंच. तिथून आमच्याकडे जेवणाची चर्चा सुरू झाली.

साधं राहणीमान या विषयावर बोलायला मला जरा भीती वाटते, कारण हल्ली साधं राहणं फार महाग झालंय. ज्वारीची बिस्किटं आणि नाचणीचे चिप्स मॉलमध्ये बघितले ना मी, तेवढ्या पैशात आमच्याकडे महिन्याची ज्वारी येते. काकांचं जेवण मी बघितलं आहे. भाकरी, अंबाडीची भाजी किंवा वरण, कांदा, उन्हाळ्यात ताक. त्यांना कुणी सुपरफूड म्हटलं तर ते समजणार पण नाहीत. रविवारी सावजी असते, तेपण बंद नाही, फक्त सोमवारी ते कुणाला सांगत नाहीत. मुलांनी एवढंच केलं की संध्याकाळी टपरीवर जायच्या ऐवजी दोन डबे हॉलमध्ये ठेवले, एकात भाजलेले चणे, एकात शेंगदाणे-गूळ, ज्याला जमेल त्याने भरायचे. कोण भरतं ते विचारायचं नाही असं ठरलंय. कधी कधी रिकामे असतात, मग टपरी आहेच.

व्यायामाचंपण तसंच, उपदेशाने कुणी हललं नाही, सौद्याने हलले. पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर धावावं लागतं, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, मैदानाचे ५० मार्क. तर भरतीवाल्या पोट्ट्यांना गणित आणि मराठी व्याकरण नको नको होतं, आणि एमपीएससीवाले दिवसभर बसून बसून पाठदुखीने हैराण. मग ठरलं, तुम्ही आम्हाला समास-संधी सांगा, आम्ही तुम्हाला पहाटे पळवतो. आधी अर्धेच यायचे. एक जण तर चपलेवर आला होता. पण ज्याला आपल्याकडून समास शिकायचाय तोच भरतीवाला पहाटे दारात येऊन हाका मारायला लागला की झोपायची सोय राहत नाही, आणि पहाटे सहाला उठायचं म्हटलं की अकराला झोपणं आपोआप आलं. तेव्हापासून लाईटवरून काकांशी होणारी भांडणंपण कमी झाली आहेत, पूर्ण बंद नाही, मागच्याच महिन्यात बारापर्यंत करा म्हणून अर्ज आला होता आणि त्यावर सही करायला मी नाही म्हटलं म्हणून दोन पोरं माझ्याशी अजून धड बोलत नाहीत.

मला विचाराल तर मी तिथे कायले जातो, माझं तर आता ऑफिस आहे, परीक्षा संपल्या. खरं सांगायचं तर ऑफिसमधून घरी गेलो की मी मोबाईल बघत पडतो. हॉलमध्ये गेलो की कुणीतरी काहीतरी विचारतं आणि ते समजावून सांगायला मला घरून थोडं वाचून जावं लागतं. राज्यघटनेचे जे भाग मी परीक्षेसाठी घोकले होते ते मला आता जास्त नीट येतात. गाडी सोडून सायकलवर जातो कारण अंतर कमी आहे आणि विहारापाशी गाडी लावायला जागा नसते, यात काही तत्त्व वगैरे नाही. पण कमरेचा पट्टा एक घर आत आला, ते चांगलंच झालं.

सगळंच गोड आहे असं नाही. किती तरी जण वर्षानुवर्षं येत राहतात आणि कट ऑफच्या खाली राहतात, मदत केली, लवकर झोपले, चणे खाल्ले म्हणून आयोग कुणाला मार्क देत नाही. जागा थोड्या आणि फॉर्म भरणारे भरमसाठ, हे गणित कुठल्याच सूत्राने सुटत नाही. काही जण निघून गेले, एक जण बुटीबोरीला कंपनीत लागला, एकाने भाजीचा ठेला लावला. ठेलेवाला अजून येतो, गणित शिकवायला, रात्री नऊच्या पुढे, हात धुऊन. त्याचा हिशोब इतका तयार आहे की शेकडेवारी आता तोच घेतो.

आणि हो, हे लिहायचं एक कारण म्हणजे आम्हाला पुस्तकं पाहिजेत. राज्य मंडळाची, मराठी माध्यमाची, सहावी ते बारावी, इतिहास, भूगोल, विज्ञान, अर्थशास्त्र. दरवर्षी निकाल लागले की घराघरातून रद्दीत जातात ती. उत्तर नागपुरात नसाल तर तुमच्या जवळच्या विहारात, वाचनालयात द्या, तिथेपण कुणीतरी बसलेलं असेलच. जुनी चालतील, कव्हर फाटलेली चालतील, मिशा काढलेले फोटो तर आम्हाला फार आवडतात. फक्त स्वाध्यायाच्या उत्तरांवर पेनाने खुणा केलेली नकोत, पोट्टे आधी तिकडेच बघतात. कूलरचा पंपपण मागणार होतो, पण तो परवा ठेलेवाल्याने आणून बसवला.